मोठं नाव घेणाऱ्यालाही कारण विचारा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका मुलीने या वर्षी तीन ठिकाणचे प्रवेश हातात असताना माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या यूडीसीटीत, एम.टेक.ला नाव घातलं. उरलेल्या दोन ऑफर परदेशातल्या होत्या. त्यातलं ब्रिटनमधलं विद्यापीठ तर असं की त्याचं नाव शाळकरी पोरंही ओळखतात. ही बातमी नात्यागोत्यात आणि सोसायटीत फिरली आणि बघता बघता दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, एवढी चालून आलेली संधी लाथाडली, लोक यासाठी जमिनी विकतात. दुसऱ्या तटाने तिला देशभक्तीचं प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं: शाब्बास पोरी, सगळेच बाहेर गेले तर इथे कोण राहणार? मुलीचं म्हणणं मात्र कोणीच ऐकून घेतलं नाही. तिला संशोधनात राहायचं आहे. ब्रिटनमधला अभ्यासक्रम एका वर्षाचा, त्यात प्रकल्पासाठी उन्हाळ्यातले जेमतेम तीन महिने. माटुंग्याला दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रयोगशाळेत जातं आणि ज्या विषयात तिला काम करायचं आहे त्यातलं मार्गदर्शन तिथे आहे. शिवाय वडिलांचा कळव्याचा फ्लॅट तारण ठेवायला तिची तयारी नव्हती.

तिचा निर्णय बरोबर की चूक हे ठरवायला मी बसलेलो नाही. बारावीनंतरच्या आणि पदवीनंतरच्या मुलांचे पसंतीक्रम भरताना मी गेली काही वर्षं त्यांच्याबरोबर असतो, आणि दर वर्षी हाच वाद याच वळणाने जाताना पाहतो. मोठ्या नावाची ऑफर नाकारणाऱ्याला आपण दहा जण दहा ठिकाणी थांबवून कारण विचारतो. ती स्वीकारणाऱ्याला पेढे देतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू नेमका कशासाठी चाललास? कारण द्यायची जबाबदारी एकाच बाजूवर टाकली की वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो. ती जबाबदारी दोघांवर सारखी असायला हवी, आणि दोघांची कारणं एकाच मापाने मोजली जायला हवीत.

हे काही नवं मागणं नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात एक मुलगी भाषणाला उभी राहिली. माहेर कल्याणचं, वय अठरा पुरं व्हायला महिना बाकी. आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यक शिकायला निघाल्या होत्या आणि का निघाल्या हे त्यांनी लोकांसमोर मुद्देसूद सांगितलं. हिंदुस्थानात सोय नाही का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच घेतला. मद्रासला कॉलेज आहे, सुईणीच्या कामाचे वर्ग सगळीकडे आहेत, हे मान्य केलं, आणि मग ते का पुरेसं नाही ते सांगितलं: शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजचं नाव मोठं आहे, असा त्यांचा युक्तिवाद नव्हता. कोण शिकवतं, काय शिकवतं आणि मला कशासाठी शिकायचं आहे, या तीन गोष्टींवर त्या उभ्या होत्या. तेव्हाच्या समाजाने जाणाऱ्या मुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आज आपण न जाणाऱ्या मुलीला करतो. पिंजरा बदलला नाही, फक्त त्यात उभं राहणारी बदलली. आणि आनंदीबाईंकडे जशी उत्तरं होती तशी आज पेढे खाणाऱ्या कितीजणांकडे असतात?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. नाव कामाला येतं, हे खरं आहे. मोठ्या कंपन्या ठरावीक संस्थांच्याच आवारात भरतीला जातात. अर्जांचा ढीग पडला की छाननी करणारा माणूस आधी विद्यापीठाचं नाव वाचतो. ज्याच्या घरात आधी कोणी पदवीधर नाही, ज्याचा कोणी मामा-काका कुठल्या कचेरीत नाही, त्याच्यासाठी ते नाव हीच ओळख असते आणि तीच शिफारस. कळव्या-दिव्यातल्या चाळीतून आलेल्या मुलाला 'नावाच्या मागे लागू नकोस' हा उपदेश घंटाळीतल्या तीन खोल्यांच्या स्वतःच्या घरात बसून करणं सोपं आहे. तो उपदेश मला करायचा नाही. मोठी संस्था म्हणजे चांगलं ग्रंथालय आणि हुशार सोबती, हेही मान्य. वर्गातल्या दहा जणांपैकी सात जण आपल्यापेक्षा पुढे असतील तर माणूस धावायला शिकतो.

या बाजूने नेहमी बाबासाहेबांचं उदाहरण दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि इथल्या जातिव्यवस्थेने जे नाकारलं ते तिथे मिळालं. पण ते उदाहरण शेवटपर्यंत वाचायला हवं. बाबासाहेबांनी तिथे अर्थशास्त्र घेतलं, इतिहास घेतला, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान घेतलं. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्या वर्गात बसले, आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात हिंदुस्थानातल्या जातींवरचा निबंध वाचला. कोणत्या माणसांकडून काय घ्यायचं याचा हिशेब त्यामागे स्वच्छ दिसतो. आणि त्या शिष्यवृत्तीला अट होती: परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. मुदत संपताच १९१७ मध्ये, कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं, बडोद्यात राहायला जागा मिळेना, कोलंबियाची पदवी तिथे एका दारालाही पुरली नाही. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि स्नेह्यांची मदत घेतली, १९२० ला पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. ज्याला या उदाहरणाचा आधार घ्यायचा असेल त्याने त्या तयारीचाही आधार घ्यावा. पैसे कोणाचे, अट कोणती, अर्ध्यावर यावं लागलं तर काय, हे प्रश्न तेव्हाही होते.

नाव मोठं आहे हे आपल्याला कळतं कसं? बहुतेक वेळा क्रमवारीवरून. म्हणून क्रमवारी कशी लागते ते पाहू. जगभर जिचा दाखला दिला जातो ती क्यूएस या ब्रिटिश कंपनीची विद्यापीठांची यादी घ्या. तिच्यात ३० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतांना आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मी क्रमवारी लोकांना त्या विद्यापीठाबद्दल काय वाटतं यावर आहे. २० टक्के गुण शोधनिबंधांच्या उद्धरणांना. विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, याला १० टक्के. एखाद्या शिक्षकाने पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी तास कसा घेतला, शंका विचारायला दार उघडं ठेवलं का, याला तिथे रकाना नाही. ज्याला संशोधन करायचं आहे त्याने शोधनिबंधांकडे जरूर पाहावं. पण सतराव्या वर्षी पहिली पदवी घ्यायला चाललेल्या मुलाला शंभरावं आणि दोनशेवं यातला फरक वर्गात दिसणार आहे का? आपली सरकारंही या बाबतीत धडा घालून देत नाहीत. परदेशी शिक्षणासाठीच्या राज्याच्या शिष्यवृत्तीला ठरावीक क्रमांकाच्या आतलं विद्यापीठ लागतं. एखादं विद्यापीठ एकूण यादीत खाली पण एका विषयात उत्तम असेल, तर तिथे प्रवेश मिळालेल्या गरीब मुलाला ते विद्यापीठ सोडून द्यावं लागतं. श्रीमंताच्या मुलावर असं बंधन नाही.

आपल्याकडच्या एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, एक गोष्ट मात्र फार उपयोगाची आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. क्रमांकाचं सांगत नाही. क्रमांकासाठी प्रत्येक संस्थेला जी माहिती भरून द्यावी लागते ती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते, तिचं सांगतो. मुलांना मी ती छापून आणायला लावतो. पानं रटाळ असतात, तक्ते बारीक अक्षरांत असतात. एका तक्त्यात किती जागा मंजूर, ठरलेल्या वर्षांत किती जण उत्तीर्ण, किती जणांना नोकरी, त्यांचा मध्यम पगार किती आणि पुढे शिकायला किती गेले, हे ओळीने असतं. गोखले रोडवरच्या फलकावर झळकणारं पॅकेज हे एका मुलाचं असतं. मध्यम पगार म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या खाली आहेत तो आकडा. त्याच्या पुढची पानं शिक्षकांची: नाव, पात्रता, अनुभवाचे महिने, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक नियमित की कंत्राटी. एखाद्या विभागातले निम्मे शिक्षक गेल्या जुलैत रुजू झालेले दिसले, तर चकाचक इमारतीचे फोटो बाजूला ठेवून थोडं थांबावं. मुलं ही यादी वाचायला लागली की त्यांचे प्रश्न बदलतात. 'हे कॉलेज चांगलं आहे का' याऐवजी 'या विभागातून दोघं वर्षात सोडून का गेले' असं विचारतात. एवढं झालं तरी माझं काम झालं.

पैशाचं बोलताना आपल्याकडे लोक घुटमळतात. शिक्षणाला किंमत लावू नये असा एक जुना संस्कार आहे, आणि तो चांगला आहे, पण बँक त्याला जुमानत नाही. परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी चाळीस लाखांचं कर्ज ही आता ठाण्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ५५ हजारांच्या आसपास येतो, आणि एकूण फेड ६६ लाखांच्या घरात जाते. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता झेपतो. इथे परत यावं लागलं तर तो हप्ता मुलाचा राहत नाही, निवृत्तीला आलेल्या बापाचा होतो.

आणि परत यावं लागणं आता पूर्वीपेक्षा जवळ आलं आहे. २२ मे २०२५ रोजी अमेरिकी सरकारने हार्वर्डला परदेशी विद्यार्थी घेण्याची दिलेली परवानगीच काढून घेतली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने स्थगिती दिली म्हणून बरं. हार्वर्डपेक्षा मोठं नाव कोणतं? त्याच वर्षी १९ सप्टेंबरला परदेशी माणसांना अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, आणि तिथेच शिकून नोकरीला लागणाऱ्यांना तो लागू आहे की नाही हे स्पष्ट व्हायला महिना गेला. त्या महिन्यात ठाण्यातल्या कितीतरी घरांत रात्री अपरात्री फोन वाजले. अमेरिकेला जाऊच नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण 'नाव मोठं आहे, पुढचं पुढे बघू' हे कारण इतक्या मोठ्या कर्जाला पुरत नाही. कर्जाशिवाय, पूर्ण शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याचं गणित निराळं आहे. त्याने खुशाल जावं. दोन ऑफरमध्ये विद्यापीठ कुठलं यापेक्षा पैसे कोणाचे याने जास्त फरक पडतो.

आता माझ्याच बाजूला टोचणारा मुद्दा. जवळचं विद्यापीठ निवडण्याचं कौतुक करताना ते कोणाच्या गळ्यात मारलं जातं? मुलींच्या. भावासाठी पुण्याचं, पिलानीचं वसतिगृह, आणि बहिणीसाठी 'घरापासून दोन स्टेशनांवर आहे ना, मग झालं'. घरी राहून शिकणं म्हणजे संध्याकाळी कुकर लावणं, पाहुण्यांना चहा, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी स्थळं. लांबच्या वसतिगृहातली एक कॉट ही अशा मुलीची आयुष्यातली पहिली स्वतःची जागा असते. तिने विद्यापीठाचं नाव पुढे करून बाहेर पडायची वाट काढली तर तिला कोणत्या तोंडाने अडवायचं? मी अडवणार नाही. ते तिचं कारण आहे आणि ते मला क्रमवारीपेक्षा कितीतरी वजनदार वाटतं. म्हणून कारण विचारताना ते कोणाचं आहे हेही विचारायला हवं. 'आईला काळजी वाटते' हे आईचं कारण. 'काकांनी सांगितलं' हे काकांचं. नौपाड्यातल्या त्या मुलीचं माटुंगा हे घरच्यांनी बांधलेलं दावं असतं, तर हा लेख मी वेगळा लिहिला असता.

जवळ-लांबचा विचार करताना तासही मोजावेत. डोंबिवलीहून रोज वडाळ्या-माटुंग्याला जाणाऱ्या मुलाचे दिवसाचे तीन-साडेतीन तास लोकलमध्ये आणि फलाटावर जातात. प्रयोगशाळा सात वाजेपर्यंत उघडी असली तरी त्याच्यासाठी ती पाचला बंद होते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातले प्रवासी पडून दगावले, ते कामावर निघालेले साधे लोक होते. शिक्षणाच्या चर्चेत हा मुद्दा क्षुल्लक मानतात. ट्रान्स हार्बरने ऐरोली, कोपरखैरणे किंवा नेरुळला जाणारा मुलगा नाव थोडं लहान असलेल्या कॉलेजात गेला आणि रोजचे दोन तास वाचवून ते अभ्यासात घातले, तर त्याने काय गमावलं? कदाचित काही गमावलंही असेल. पण हिशेब मांडल्याशिवाय ते कळणार नाही.

देशासाठी थांबलीस म्हणून पाठ थोपटणाऱ्यांचं म्हणणं मला पहिल्या तटापेक्षाही कच्चं वाटतं. विद्यापीठ निवडणं ही निष्ठेची परीक्षा नव्हे. रघुनाथराव परांजपे केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर गणित शिकवायला लागले. ते गेले म्हणून देशद्रोही नव्हते, आणि आज तिथेच राहिलेला कोणी असेल तर तोही नाही. उलट्या बाजूने रघुनाथ माशेलकर पाहा. यूडीसीटीतून १९६६ मध्ये पदवी घेतली आणि पीएच.डी.ही तिथेच, १९६९ मध्ये केली. मार्गदर्शक होते प्रा. मनमोहन शर्मा. शर्मा स्वतः केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, माटुंग्याला प्राध्यापक म्हणून आले होते. माशेलकर परदेशात गेले ते त्यानंतर, आणि पुढे परतले. १९९० मध्ये शर्मा आणि १९९८ मध्ये माशेलकर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. साठच्या दशकात माटुंग्याच्या त्या वर्गात जे होतं ते कुठल्याही यादीत पहिल्या शंभरात नव्हतं. तिथे एक माणूस होता आणि त्याच्याभोवती काम चाललं होतं. हे सगळीकडे घडत नाही, हेही खरं. शर्मांसारखा शिक्षक नसलेल्या ढिगाने संस्था आपल्या आसपास आहेत, आणि त्यांच्या मालकांनी हे उदाहरण आपल्या जाहिरातीत वापरू नये.

एक आक्षेप पालकांकडून हमखास येतो: एवढ्याशा पोरांना कारणं कुठून सुचणार? त्यांना काय कळतं? पण राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत आपण त्याच पोरांकडून पसंतीक्रम भरून घेतो, आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं अभियांत्रिकी कॉलेज मिळालं की ती जागा घ्यावीच लागते. पहिल्या पसंतीचा एक आकडा चार वर्षं ठरवून टाकतो. ज्याला हे करता येतं त्याला प्रत्येक पसंतीपुढे दोन ओळींचं कारणही लिहिता येतं. मी मुलांना ते लिहायला लावतो, हाताने, वहीत. पहिल्यांदा सगळे 'टॉप कॉलेज' लिहितात. ते खोडायला सांगितलं की बराच वेळ पेन हलत नाही. मग कोणी लिहितो, इथली रोबोटिक्सची स्पर्धा पाहायला गेलो होतो. कोणी लिहिते, फी माफी पूर्ण आहे. एकाने लिहिलं होतं, 'माझे मित्र इथे नाहीत, मला नवीन व्हायचंय.' याहून चांगलं कारण एखाद्या समुपदेशकाला सुचलं असतं का? आणि जागा 'वाया घालवली' म्हणून जो दोष दिला जातो त्यात तर काहीच अर्थ नाही. फेऱ्या चालू असताना सोडलेली जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणाला तरी मिळते.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण नवी मुंबईत हा प्रश्न लवकरच नव्या रूपात येतो आहे. १४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच परदेशी संस्थांना इरादा पत्रं देण्यात आली: अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी संस्था आयईडी. विमानतळाजवळ सिडकोच्या एज्युसिटीत त्यांची संकुलं उभी राहायची आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तिथली पदवी मूळ विद्यापीठाच्या पदवीइतकीच धरली जाईल आणि फी त्या संस्था स्वतः ठरवतील. म्हणजे नाव स्कॉटलंडचं, वर्ग पनवेलजवळ, आणि हप्ते ठाण्याच्या बँकेत. व्हिसाची भीती नाही, मूल घराजवळ, नाव परदेशी: दोन्ही तट एकदम खूश होतील. नेमकं म्हणूनच तिथे कोणी काही विचारणार नाही अशी मला धास्ती आहे. प्रवेश सुरू होण्याआधी माहितीपुस्तक जाहीर करण्याची अट त्या संस्थांवर आहे. पनवेलच्या वर्गात प्रत्यक्ष कोण शिकवणार आहे, त्यातले किती जण मूळ विद्यापीठातून येणार, किती महिने राहणार आणि किती जण इथे कंत्राटावर घेतले जाणार, ही यादी त्या पुस्तकात आली पाहिजे, फीच्या तक्त्याच्या आधीच्या पानावर. राज्य सरकारने आणि सिडकोने जमिनीचे करार करतानाच ही अट घालून घ्यावी. ती घातली गेली नाही, तर फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेकडे लेखी मागावी, आणि लेखी उत्तर येईपर्यंत धनादेशावर सही करू नये.